दोष लेकराचा की किल्ली देणाऱ्याचा?



दत्तजयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्राचं पारायण करणाऱ्यांना चौथ्या अध्यायातली अनसूयामातेच्या सत्त्वपरीक्षेची कथा पाठच असते. मार्कंडेय पुराणात दत्तजन्माची कथा जरा वेगळी येते. कौशिक नावाचा कुष्ठरोगी ब्राह्मण. त्याची पतिव्रता पत्नी त्याला खांद्यावर घेऊन रात्री निघाली. वाटेत मांडव्य ऋषी शूळावर होते. अंधारात कौशिकाचा पाय त्यांना लागला. वेदनेने कळवळून त्यांनी शाप दिला, सूर्य उगवताच तू मरशील. तेव्हा ती माउली म्हणाली, मग सूर्य उगवणारच नाही. देव घाबरून अनसूयेकडे गेले. तिने सूर्य उगवू दिला, कौशिकालाही जिवंत केलं, आणि त्या वरातूनच सोम, दत्तात्रेय आणि दुर्वास तिच्या पोटी आले.

कीर्तनात इथं पातिव्रत्याचा महिमा सांगतात, ते योग्यच. माझं मन मात्र मांडव्यांपाशी अडकतं. ते शूळावर गेले कसे, हे महाभारताच्या आदिपर्वात आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला, ऋषी मौनात होते, राजाच्या शिपायांना उत्तर मिळालं नाही. झालं, चोर समजून शूळावर! पुढे त्यांनी यमधर्माला विचारलं, माझं पाप कोणतं? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य संतापले. लेकराला काय कळतं? त्यांनी धर्मालाच शाप दिला, म्हणून धर्म विदुर होऊन जन्मला. आणि मर्यादा घालून दिली की चौदा वर्षांपर्यंत घडलेल्याचं पाप लागणार नाही.

आता बघा, जो ऋषी न कळता घडलेल्या पापाबद्दल धर्माशी भांडला, त्यानेच अंधारात नकळत पाय लागलेल्याला मरणाचा शाप दिला. ग्रंथ वेगळे आहेत, दोन्हींचा मेळ लावायचा हट्ट नको. पण दुखणं आपलं असलं की समोरच्याची समज मोजायला सवड राहत नाही, हे आपल्याही घरोघरी दिसतंच की.

कायद्यालाही हाच प्रश्न सुटलेला नाही. जर्मनीच्या दंडसंहितेच्या १९व्या कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल गुन्ह्याला दोषीच धरता येत नाही. तोच मांडव्यांचा आकडा! त्यांच्याकडे दोषाला जो शब्द आहे, 'शुल्ड', त्याचाच दुसरा अर्थ कर्ज. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला हे फार पटलं. फरक एवढाच की कर्ज जामीनदार फेडू शकतो, दोष मात्र ज्याचा त्यालाच. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेत सात वर्षांखाली गुन्हा नाही, सात ते बारा असेल तर समज बघायची. आणि २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरापर्यंत वेगळं मंडळ. सोळा ते अठरातल्या मुलाचा गुन्हा अतिगंभीर असेल, तर त्याला मोठ्या माणसाप्रमाणे उभं करायचं का, हे ठरवता येतं.

१९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. मंडळाने ज्या अटींवर जामीन दिला त्यात अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट होती. सगळा महाराष्ट्र पेटला. २०२५च्या जुलैत मंडळाने त्याला प्रौढ मानायची पोलिसांची मागणीही फेटाळली. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या मनाचं काय झालं असेल, ते शब्दात यायचं नाही.

सतराव्या वर्षी काहीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. ते काडी टोचणारं लेकरू नव्हे. तरीही आपला राग चुकीच्या जागी जास्त गेला असं मला वाटतं. निबंधावर आपण महिनाभर बोललो. पण त्याच प्रकरणात घरच्या मोठ्यांवर आणि डॉक्टरांवर रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. आरोप खरा ठरला, तर तिथं न कळण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथली सगळी माणसं शिकलेली, जाणती.

पुणं लांब राहिलं. आपल्या मुरूममध्ये शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर उभं राहा. आठवी-नववीची पोरं तिघं-तिघं बसून मोटारसायकल पळवतात, आणि बाप कौतुकानं सांगतो, आमचं पोरगं आताच गाडी शिकलंय! शेतात डबा न्यायचाय, दळण आणायचंय, अडचणी खऱ्या आहेत, मान्य. पण मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९९-अ हे कलम आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

पालकाला सुटकेची वाट त्यातच ठेवली आहे. मला ठाऊक नव्हतं, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. गाडीची किल्ली मात्र देवघराशेजारच्या खिळ्यालाच अडकवलेली असते, आणि पेट्रोलला पैसे त्यानेच दिलेले असतात.