भ्यालेल्यांचें स्मरण

स्मारक कोणाचें उभारावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. जो देशासाठीं लढला व मेला त्याचें उभारावें, असें उत्तर कोणीही देईल, आणि बहुतेक प्रसंगीं तें पुरेसेंही ठरेल. परंतु रणभूमीवर मेलेल्या प्रत्येकाचें मरण शत्रूच्याच हातून आलेलें नसतें. ज्याला त्याच्याच सैन्यानें, त्याच्याच कायद्यान्वयें, भ्याड किंवा पळपुटा ठरवून गोळी घातली, त्याचें काय करावयाचें, असें कोणी विचारलें म्हणजे तें सोपें उत्तर अडखळूं लागतें. इंग्लंडांत एक राष्ट्रीय स्मरणोद्यान असें आहे कीं, तेथें हा प्रश्न लांकडी खुंटांच्या रूपानें जमिनींत रोवूनच ठेवला आहे. तें उद्यान पाहिल्यापासून या प्रश्नानें माझा पिच्छा पुरविला आहे.

स्टॅफर्डशायर परगण्यांत, टेम नदी ट्रेंटला जेथें मिळते त्या बाजूस, अ‍ॅलरवॉस नांवाच्या गांवाजवळ हें उद्यान आहे. नॅशनल मेमोरियल आर्बोरेटम, म्हणजे राष्ट्रीय स्मारक-वृक्षोद्यान, असें त्याचें नांव. क्षेत्र सुमारें १५० एकर. पूर्वीं येथें वाळू-खडी काढण्याचें काम चालत असे. १९९७ च्या सुमारास झाडें लावण्यास आरंभ झाला व २००१ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें. तेव्हां पुरातन वृक्षांची गंभीर छाया मिळेल या आशेनें जाणाऱ्याची थोडी निराशाच होईल. झाडें अद्याप तरुण आहेत. ज्यांच्या नांवानें तीं लावलीं त्यांपैकीं पुष्कळांचें आयुष्य ज्या वयांत संपलें, साधारण त्याच वयाचीं. आंत उपाहारगृह आहे, वस्तूंचें दुकानही आहे. मृतांच्या बागेंत चहा पीत बसणें आपल्याकडील कित्येकांस खटकेल. मला तसें वाटलें नाहीं. म्हाताऱ्या बायका लांबून येतात, त्यांना टेकावयास जागा हवीच.

झाडांकडून स्मरणाचें काम करून घेण्याची येथील रीत मोठी कल्पक आहे. दुसऱ्या महायुद्धांत बुडालेल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांसाठीं जहाजामागें एक याप्रमाणें २,५३५ ओक वृक्ष लावले आहेत. त्या राईंतून चालतांना आंकडा हा आंकडा राहत नाहीं. पाय दुखूं लागतात व अजून झाडें संपलेलीं नसतात. उद्यानाच्या मध्यभागीं मातीचा उंच चौथरा करून त्यावर पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडाचें सेनादलांचें मुख्य स्मारक उभारलें आहे. त्याचें समर्पण २००७ च्या ऑक्टोबरांत झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर सेवेंत असतां मेलेल्या सोळा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांचीं नांवें त्याच्या भिंतींवर कोरलेलीं आहेत. भिंतींत एक फट अशी ठेवली आहे कीं, ११ नोव्हेंबरला सकाळीं अकरा वाजतां आकाश निरभ्र असल्यास सूर्याचा किरण तींतून येऊन मधल्या शिलेवरील पुष्पचक्रावर पडावा. हें सर्व भव्य आहे, आणि जें भव्य असतें तें मनाला फार प्रश्न विचारूं देत नाहीं.

प्रश्न आहे तो उद्यानाच्या पूर्वेच्या कडेला. पहाटेचा पहिला उजेड जेथें पडतो ती जागा मुद्दाम निवडून तेथें लांकडी खुंट अर्धवर्तुळाकार रोवले आहेत, तीनशेंहून अधिक. प्रत्येकावर एक नांव. पहिल्या महायुद्धांत पळून जाणें, भ्याडपणा दाखविणें, पहाऱ्यावर झोंपणें, हुकूम मोडणें अशा अपराधांबद्दल ज्यांना ब्रिटिश सेनेनें गोळी घालून मारलें त्यांचे हे खुंट. पुढें एका तरुण शिपायाचा पुतळा आहे. डोळ्यांवर पट्टी, हात पाठीमागें बांधलेले. अँडी डी कॉमिन या शिल्पकारानें तो हर्बर्ट बर्डन या शिपायास डोळ्यांपुढें ठेवून घडविला. बर्डनला १९१५ च्या जुलैंत ईप्रच्या रणक्षेत्रांत गोळी घातली. भरती होतांना त्यानें वय वाढवून सांगितलें होतें व मरतेवेळीं तो अवघा सतरा वर्षांचा होता, असें सांगतात. पुतळ्यासमोर सहा झाडें आहेत. तीं कशाचीं, हें पुढें येईलच.

या स्मारकाचें अनावरण २००१ च्या जूनमध्यें गर्ट्रूड हॅरिस या वृद्ध बाईंनीं केलें. त्यांचे वडील हॅरी फार हे या खुंटांपैकीं एक. फार हा कांहीं युद्धाच्या भरांत भरती झालेला कोंवळा पोर नव्हता. तो युद्धापूर्वींपासूनचा शिपाई होता. १९१५ त तोफांच्या माऱ्यानें त्याचें मन व शरीर दोन्ही ढासळलीं आणि पांच महिने तो रुग्णालयांत होता. हात इतका कांपे कीं, पत्नीला पाठवावयाचीं पत्रें परिचारिकेला लिहावीं लागत. बरा झाला असें ठरवून त्याला परत आघाडीवर धाडलें. १९१६ च्या सप्टेंबरांत सोमच्या लढाईंत त्यानें पुढें जाण्यास नकार दिला. खटल्यांत त्याच्या बाजूनें बोलावयास वकील वा मित्र नव्हता; त्याचें त्यालाच बोलावें लागलें. १६ ऑक्टोबर १९१६ रोजीं पहाटे त्याला गोळी घातली. डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यास त्यानें नकार दिला. ज्याला न्यायासनानें भ्याड ठरविलें त्यानें शेवटच्या क्षणीं बंदुकांकडे उघड्या डोळ्यांनीं पाहावें, ही गोष्ट भ्याड या शब्दाविषयीं कांहीं सांगते खास. मागें राहिलेल्या त्याच्या बायकोचें निवृत्तिवेतन बंद झालें आणि लज्जेनें तिनें कित्येक वर्षें तोंड मिटून घेतलें.

आतां दुसरी बाजू ऐकावयास हवी. ती पोकळ नाहीं. जो पळाला त्याच्या शेजारीं एक जण पळाला नाहीं. तोही तितकाच भ्याला होता, त्याच चिखलांत उभा होता, त्याचीही घरीं बायको होती. तो उभा राहिला व मेला. त्याचें नांव व पळालेल्याचें नांव एकाच बागेंत लिहिलें तर त्याच्या उभें राहण्यास अर्थ तो काय राहिला? ज्या मातेचा मुलगा जागेवर मेला तिनें हें विचारलें तर तिला भावनाशून्य म्हणतां येणार नाहीं. राज्यकर्त्यांची हरकत निराळी होती. १९९३ मध्यें पंतप्रधान जॉन मेजर यांनीं सामुदायिक क्षमा नाकारली. आजच्या काळाचा न्याय त्या काळावर लादतां येत नाहीं, असा त्यांचा सूर होता. १९९८ मध्यें पुन्हां सरकारी चौकशी झाली, तींत खेद व्यक्त झाला, पण एकेकाच्या प्रकरणाचा निर्णय करण्याइतका पुरावा उरलेला नाहीं, असें ठरलें.

मला या दोन्ही हरकतींपेक्षां एक आंकडा अधिक बोलका वाटतो. त्या युद्धकाळांत ब्रिटिश लष्करी न्यायासनांनीं तीन हजारांहून अधिक देहान्तशिक्षा फर्माविल्या. प्रत्यक्ष अंमलांत आल्या त्या ३४६, आणि त्यांत खुनासारख्या गुन्ह्यांच्याही होत्या. म्हणजे दहांतील जवळ जवळ नऊ वांचले. कोणाला वांचवावयाचें व कोणाला नाहीं हें सरसेनापतींच्या सहीवर अवलंबून असे. आणि ती सही होण्यापूर्वीं केवळ त्या माणसाच्या वर्तनाचा नव्हे, तर त्याच्या पलटणींतील शिस्त कशी आहे याचाही विचार होत असे. शेजारच्यांची शिस्त ढिली असेल तर याला मरणें भाग. येथें शिक्षेचा न्यायाशीं असलेला धागा तुटतो. शिक्षा अपराधाच्या मापाची असावी, हें तत्त्व जाऊन शिक्षा दहशतीच्या गरजेच्या मापाची झाली. माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांटनें सांगितलें आहे. तें नीतिशास्त्राच्या वर्गांत शिकतांना दूरचें वाटतें. एका माणसाला खांबाला बांधून त्याचा उपयोग इतरांना वाचावयाची सूचना म्हणून करणें, याहून त्या तत्त्वाचा उघड भंग दाखवितां येणार नाहीं.

बरें, ती सूचना आवश्यक तरी होती काय? ऑस्ट्रेलियाच्या कायद्याप्रमाणें अशा शिक्षेस तेथील गव्हर्नर-जनरलची संमति लागे, आणि ती कधींच मिळाली नाहीं. त्या युद्धांत एकाही ऑस्ट्रेलियन शिपायाला त्याच्या सैन्यानें गोळी घातली नाहीं. ब्रिटिश सेनाधिकारी मुभा मागत राहिले. नाहींसे होणाऱ्यांचें प्रमाण त्या सैन्यांत अधिक होतें हेंही खरें. परंतु तें सैन्य पळून गेलें, असें कोणीही इतिहासकार म्हणत नाहीं. पुढें १९३० मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनेंच भ्याडपणा व पलायन यांसाठींची देहान्तशिक्षा काढून टाकली, आणि दुसरें महायुद्ध तिच्यावांचून लढलें गेलें.

भीतीविषयीं आपल्या परंपरेनें अधिक मोकळेपणानें विचार केलेला आहे. ज्या ग्रंथास आपण युद्धधर्माचा मुकुटमणि समजतों त्याच्या आरंभींच एक महायोद्धा ऐन रणांत कांपत आहे. त्याचें तोंड कोरडें पडलें आहे, हातांतून धनुष्य गळत आहे. त्याच्या त्या कंपाला केवळ भीति म्हणणें बरोबर नाहीं हें मी जाणतों. त्यांत करुणाही होती, मोहही होता. पण बाहेरून पाहणाऱ्या एखाद्या लष्करी अधिकाऱ्यास तो फारपेक्षां निराळा दिसला असता काय? अर्जुनाच्या वांट्यास अठरा अध्याय आले. आणि जरासंधापुढून माघार घेणाऱ्या श्रीकृष्णाला तर लोकांनीं रणछोड याच नांवानें द्वारकेंत व डाकोरांत देव्हाऱ्यावर बसविलें. यावरून पळ काढणें हा सद्गुण ठरत नाहीं. एवढेंच दिसतें कीं, मागें फिरलेलें पाऊल पाहिल्याबरोबर माणसाची सगळी किंमत ठरविण्याची घाई आपल्या पूर्वजांस नव्हती.

मग त्या उभें राहिलेल्याचें काय? माझ्या मतें त्याचा अपमान हे खुंट करीत नाहींत. त्याचा अपमान करतात तीं भाषणें, ज्यांत सैनिकाला भीति ठाऊकच नसते. भीतीच नसेल तर धैर्य कशाचें? दगड तोफेपुढें उभा राहतो, त्याला कोणी शूर म्हणत नाहीं. त्या खुंटांपाशीं उभें राहून मग मागें वळून मुख्य स्मारकाकडे पाहिलें म्हणजे तेथील प्रत्येक नांव किती किंमत देऊन उभें राहिलें असेल, याची कल्पना येऊं लागते. स्मरण हें बक्षीस आहे असें मानलें तर मात्र त्या मातेची हरकत अचूक ठरेल. तसें मानणें हाच मुळांत घोटाळा आहे. बक्षिसासाठीं पदकें आहेत. स्मरण हें देणें आहे. राज्यसंस्थेनें ज्याला हांक मारून नेलें व जो परत आला नाहीं, त्याच्या घरच्यांना तो कोठें गेला हें तिनें सांगितलेंच पाहिजे. तो कसा वागला हा हिशेब त्यानंतरचा.

‘प्राण दिले’ हा शब्दप्रयोग येथें तपासून पाहण्याजोगा आहे. आपल्या महाराष्ट्रांतही कित्येक खेड्यांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनें लावलेल्या दगडी पाट्या आढळतात: या गांवांतून इतके पुरुष युद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले. नांवें नाहींत, केवळ आंकडे. आणि क्रियापद ‘देणें’. दुष्काळानें, कर्जानें, पगाराच्या आशेनें गेलेल्या त्या कुणब्या-मराठ्यांनीं व महारांनीं काय काय दिलें व काय त्यांच्याकडून घेतलें गेलें, याचा झाडा त्या क्रियापदाखालीं झांकला जातो. इंग्लंडांतही १९१६ पासून सक्तीची भरती होती. स्मारकांची भाषा सर्वत्र ‘दिले’ असेंच म्हणते. त्या उद्यानाच्या पूर्व कडेला मात्र तें क्रियापद वापरतांच येत नाहीं. तेथें प्राण घेतले गेले, व कोणी घेतले तें स्पष्ट आहे.

अखेर २००६ च्या सेनाविषयक कायद्यानें या सर्वांस क्षमा केली. त्या कलमाची भाषा विलक्षण आहे. हे लोक युद्धाच्या अनेक बळींपैकीं होत व हें मरण त्यांच्या वांट्यास यावयास नको होतें, असें ती क्षमा मान्य करते; आणि कलम लगेच सांगतें कीं, या क्षमेनें त्यांच्यावरील दोषसिद्धि किंवा शिक्षा बदलत नाहीं, आणि तींतून कोणाला कसलाही हक्क उत्पन्न होत नाहीं. म्हणजे अपराधही कायम, शिक्षाही कायम, आणि तरी क्षमा! कायदेपंडितांस यांत सोय दिसेल. मला त्यांत राष्ट्राचें अवघडलेपण दिसतें. याच कलमांत १९११ च्या हिंदी सैन्याच्या कायद्याखालील गुन्हे आहेत, आणि बंडही आहे. १९१५ सालीं सिंगापुरास पांचव्या लाइट इन्फंट्रीच्या हिंदी शिपायांनीं बंड केलें, तेव्हां ४७ जणांस तुरुंगाच्या भिंतीशीं उभें करून गर्दीदेखत गोळ्या घातल्या होत्या. ज्यानें समजून उमजून परक्या राज्याचा हुकूम मोडला, त्याला ‘बळी’ म्हणून क्षमा करणें यांत त्याचा गौरव आहे कीं अवमान? थरथरणारा फार आणि बंडखोर शिपाई यांना एकाच वाक्यांत बसविणारें औदार्य मला थोडें घाईचें वाटतें. क्षमा करणाराला आपण काय क्षमा करीत आहों हें ठाऊक असावें लागतें.

उद्यानांतून परततांना मुख्य स्मारकावरून पुन्हां जावें लागतें. तेथील भिंती सगळ्या भरलेल्या नाहींत. आणखी पंधरा हजार नांवें मावतील एवढी जागा बांधतांनाच कोरी ठेवली होती, आणि दरवर्षीं ती थोडी थोडी भरत आहे. त्या कोऱ्या दगडापुढें लहान मुलें उड्या मारीत असतात.

आणि तीं सहा झाडें. तीं गोळी घालणाऱ्यांचीं आहेत. बहुधा त्याच पलटणींतले, कधीं ओळखीचेही शिपाई या कामास लावीत. एका बंदुकींत कोरें काडतूस घालण्याची चाल होती, ती प्रत्येकाला ‘माझी गोळी ती नव्हे’ असें स्वतःस सांगतां यावें म्हणून. हुकूम मोडला असता तर तेही खुंटाला बांधले गेले असते. त्यांनीं तो पाळला, दिवस उजाडल्यावर ते आपल्या खंदकांत परत गेले, आणि जे वांचले ते पुढें घरोघर म्हातारे झाले. खुंटांवर नांवें आहेत. त्या झाडांवर एकही नाहीं.