खूण अंगावर नाही, दप्तरात



बोईसर स्टेशनावर उतरून तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे जाणारे कामगार तुम्ही रोज पाहता. १९६९ साली सुरू झालेले ते केंद्र युरेनियमच्या अणूचा गाभा दुभंगला की निघणाऱ्या शक्तीवर चालते. गाभा दुभंगतो याचा उलगडा १९३८ च्या डिसेंबरात लीझ माइट्नर या बाईने आपल्या भाच्याच्या साथीने केला. तेव्हा ती स्वीडनमध्ये परागंदा होती. बर्लिनमध्ये तीस वर्षे संशोधन करून त्याच वर्षी जुलैत तिला गुपचूप पळावे लागले. अपराध एवढाच की जन्म ज्यू घरातला. आणि धर्म म्हणाल, तर १९०८ सालीच तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता!

आपण धर्मांतर केलेली माणसे. आपल्याला यावर विचार केलाच पाहिजे.

ज्यू आपल्याला परके नाहीत. कुलाबा जिल्ह्यातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे शनवार तेली हे ज्यूच. त्यांना इकडे कोणी छळले नाही. युरोपात मात्र चर्चने त्यांच्यावर येशूच्या वधाचा ठपका ठेवला. १२१५ साली त्यांना निराळा पोशाख घालण्याचा हुकूम काढला. तरी बाप्तिस्मा घेतला की बहुधा सुटका होई. एकोणिसाव्या शतकात द्वेष करणारे म्हणू लागले, दोष धर्मात नाही, रक्तात आहे. ते दारही लागले.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. जर्मनीत शंभरात एकही ज्यू नव्हता. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांपुढे पहारे बसले. ७ एप्रिलला सरकारी नोकऱ्या गेल्या. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्व काढले, जर्मनांशी लग्न हा गुन्हा ठरवला. चार आजी-आजोबांपैकी तीन ज्यू, तर तो ज्यू, मग तो दर रविवारी चर्चमध्ये का जाईना.

भगवंतांनी वासेट्ठ नावाच्या ब्राह्मण तरुणाला सांगितले होते की गवत, झाडे, पक्षी यांच्या जाती अंगावरच्या खुणांनी कळतात. माणसाच्या अंगावर अशी खूण नाही. खूण नव्हती म्हणूनच नाझींना ती बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत हुडकावी लागली. साधे कारकून दाखले काढून देत. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात प्रार्थनामंदिरे जळाली, सुमारे ३०,००० पुरुष छावण्यांत गेले. साठ लाखांची हत्या त्यानंतरची.

आपल्याकडे दुकानापुढे पहारेकरी लागत नसे. बाबासाहेब सभासद असलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली नोंदवले आहे, की अस्पृश्य हक्क बजावू लागले की गाव मजुरी, जमीन, किराणा बंद करी.

आज आपल्यालाही पूर्वीची जात विचारतात. दाखल्यासाठी विचारली तर सांगा. १९९० पासून केंद्राच्या सवलती बौद्धांना त्यावरच मिळतात. पण खोली भाड्याने देणारा ‘बौद्ध म्हणजे पूर्वीचे कोण?’ असे विचारतो, तेव्हा तो कोणती वही उघडतो आहे ते ओळखा.

युद्ध संपल्यावर जर्मनीतून बोलावणे आले, पण माइट्नरबाई तिथे राहायला परत गेल्या नाहीत. तारापूर सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९६८ साली, त्या इंग्लंडात वारल्या.