वेशीचा दरवाजा कोणास लावावा?

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीची उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशक मला बाजूस घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, एक अडचण आहे, पण ती ह्या गांवची नाहीं." त्यांचा भाचा पुष्कळ वर्षें अमेरिकेंत नोकरीस आहे व आतां त्या देशाचा नागरिक झाला आहे. तो ज्या मंडळीचा सभासद आहे तेथें एक अर्ज सह्यांसाठीं फिरत होता. अर्ज तेथील कायदे करणाऱ्या सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सभासदांस होता: सीमा अधिक कडक राखावी, चोरवाटा बंद कराव्या, आणि बाहेरून येऊन राहणाऱ्यांची संख्या कमी करावी. भाच्यानें मामांस विचारलें होतें, "मी स्वतः बाहेरून आलेला. मीं ह्यावर सही करावी काय? न करावी तर मंडळींतील वडील माणसें नाराज होतील. करावी तर मन खातें."

वाचकहो, हा प्रश्न समुद्रापलीकडचा म्हणून सोडून देऊं नये. वेस राखणें म्हणजे काय हें आपणांस इतरांहून अधिक ठाऊक असलें पाहिजे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे वाडवडील येसकर होते. रात्रीं वेशीचा दरवाजा लावावा, परका वाटसरू दिसल्यास कोण, कोठला, कोणाकडे निघाला हें विचारावें, संशय आल्यास पाटलास वर्दी द्यावी, हें त्यांचें काम. आणि ज्या गांवची वेस त्यांनीं राखिली त्याच गांवकुसाच्या आंत त्यांस घर बांधण्याची मोकळीक नव्हती. राखणारेही तेच आणि बाहेर ठेविलेलेही तेच! दरवाजाच्या दोन्ही अंगांचा असा अनुभव असलेल्या लोकांनीं ह्या विषयाचा विचार करूं नये, तर कोणीं करावा?

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, दरवाजा असणें हें पाप नव्हे. नहेम्यानें यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत बांधून पुरा केला आणि ऊन चढेपर्यंत वेशी उघडूं नयेत असा हुकूम दिला. त्याबद्दल शास्त्रांत त्यास दोष दिलेला नाहीं. आंत कोण येतो हें पाहणें व किती लोकांस सामावून घेतां येईल ह्याचा हिशेब करणें हें राज्यकर्त्याचें कर्तव्यच आहे. चोरवाटा बंद कराव्या ह्या मागणीमागें तर दयाही असूं शकते. इ. स. २०२२ च्या जानेवारींत गुजरातेंतील एक नवराबायको आणि त्यांचीं दोन लेंकरें कानडा देशांतून अमेरिकेंत चोरून जाण्याच्या वाटेवर, सीमेच्या अगदीं जवळ, बर्फांत गोठून मेलीं. दलालांनीं त्यांस तशा हिमवादळांत रात्रीं पायीं चालत सोडिलें होतें. त्याच वर्षाच्या जूनमध्यें टेक्सास प्रांतांतील सॅन अँटोनिओ शहराजवळ एका बंद मालमोटारींत कोंबून आणिलेलीं ५३ माणसें उष्णतेनें मेलीं. माणसांचा असा व्यापार करणारांस धाक बसावा म्हणून कोणी कायदे करणारांस लिहिलें, तर त्याचा हात धरण्याचें मला कारण दिसत नाहीं. आणि आपल्या तरुणांनींही हें ऐकून ठेवावें. शेत गहाण टाकून दलालाची भर करणारे आपल्याही देशांत थोडे नाहींत.

मग अडचण कोठें आहे? अडचण येसकराच्या प्रश्नांत आहे. येसकर विचारी, कोण, कशासाठीं, कोणाकडे? म्हणजे त्या माणसाचें काम व हेतु तो पाही. परंतु त्याला स्वतःला गांवकुसाबाहेर ठेवितांना गांवानें ह्यांतील कांहींएक विचारिलें नाहीं. त्याचा जन्म मात्र विचारिला. एकच वेस, पण पारख दोन तऱ्हेची. संख्या कमी करा असें जो म्हणतो त्यास मी विचारीन, ती ह्यांपैकीं कोणत्या पारखीनें कमी करावयाची?

हा प्रश्न अमेरिकेंत नवा नाहीं. इ. स. १८८२ मध्यें तेथील काँग्रेसनें चिनी मजुरांस दहा वर्षें देशबंदी केली. ती वाढत वाढत १९०२ मध्यें मुदतीवांचूनची झाली आणि १९४३ पर्यंत राहिली. १९१७ च्या कायद्यानें आशियाखंडाचा मोठा भाग बंद झाला. त्यांत हिंदुस्थान होता. नंतर १९२४ चा कायदा आला. कायद्याच्या बाजूनें बोलणारे सगळेच दुष्ट होते असें म्हणूं नये. आपली मजुरी घसरेल ही मजूरसंघांची भीति होती, आणि गरिबाची मजुरीची भीति ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. पण कायदा कसा रचिला तो पाहा. प्रत्येक देशाचे जितके लोक पूर्वीं अमेरिकेंत होते त्यांच्या शेंकडा दोन इतक्यांस दर वर्षीं आंत घ्यावें असें ठरलें. आणि हे पूर्वींचे लोक मोजण्यासाठीं १९२० ची खानेसुमारी हातीं असतां १८९० ची घेतली. कां? तर इटालियन, पोल व यहूदी लोक मोठ्या संख्येनें आले ते बहुतेक १८९० नंतर. जुनी वही उघडली म्हणजे त्यांचा वांटा आपोआप बारीक होतो. आशियांतील लोकांस तर, ते नागरिक होण्यास पात्र नाहींत म्हणून, बहुतेक दारच बंद झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं भगतसिंग थिंद नांवाच्या शीख गृहस्थाचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयांत चालला होता. ह्यानें पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत नोकरी केली होती. तरी कायद्याच्या अर्थीं तो गोरा नव्हे, म्हणून नागरिक होऊं शकत नाहीं, असा निकाल झाला. येसकराचा प्रश्न सुटला आणि गांवकुसाचा प्रश्न राहिला. हीच पारख बेथलेहेमांत चालती, तर मवाबी रूथ वेशींतूनच परत जाती, आणि दाविदाच्या वंशावळींत तिचें नांव आपणांस वाचावयास मिळतें ना.

अर्जावर सही करणारास आणखी एक गोष्ट दिसत नसते. आपण कायदा मागतों तो आजच्या भीतीनें. तो लागू होतो उद्यांच्या माणसास, ज्याचें तोंड आपण पाहिलें नाहीं. इ. स. १९३९ च्या मे महिन्यांत 'सेंट लुईस' नांवाची आगबोट जर्मनीहून ९३७ उतारू घेऊन निघाली. बहुतेक सर्व यहूदी होते आणि हिटलरच्या राज्यांतून जीव घेऊन पळत होते. क्युबा बेटांत थोडक्यांसच उतरूं दिलें. बोट फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळून गेली, मायामी शहराचे दिवे उतारूंस दिसत होते. परंतु जर्मनीच्या वांट्याची वर्षाची संख्या भरली होती. वांटा ठरविणारा कायदा तोच, १९२४ चा. बोट युरोपांत परत गेली. इंग्लंड, फ्रान्स, बेल्जम व हॉलंड ह्यांनीं उतारूंस वांटून घेतलें, पण पुढें जर्मन सैन्य ह्यांपैकीं तीन देशांत शिरलें आणि त्या उतारूंपैकीं २५४ जण मारले गेले. त्याच वर्षीं २०,००० निर्वासित मुलांस संख्येबाहेर घ्यावें असें एक बिल काँग्रेसपुढें आलें होतें. तें मतास टाकण्यापर्यंतही पोंचलें नाहीं. १९२४ मध्यें ज्यांनीं कायद्याची मागणी केली त्यांतील बहुतेकांनीं मुलांस मारण्याचें स्वप्नांतही आणिलें नसेल. तथापि दरवाजा त्यांनीं मागितला होता, आणि त्यांत दिंडी ठेवण्याची आठवण कोणास झाली नव्हती.

येथें कोणी म्हणेल, जे खोटें बोलून आधींच आंत आले त्यांचें काय? गिबोनी लोकांची गोष्ट पुन्हां वाचावी. ते शिळ्या भाकरी व फाटके बुधले घेऊन, आपण फार दूरचे आहों असें सोंग करून आले. तीन दिवसांत सोंग उघडें पडलें. यहोशवानें त्यांस शिक्षा दिली, लांकडें व पाणी वाहावयास लाविलें, परंतु जिवें मारिलें नाहीं. आणि पुढें शौलानें त्यांस मारिलें तेव्हां दाविदाच्या दिवसांत तीन वर्षें दुष्काळ पडला. लबाडीस शिक्षा आहे. पण लबाड माणूस माणूसपणांतून उठला असें नाहीं.

आणि ह्या बाबतींत आपलें स्वतःचें दप्तरही साफ नाहीं, हें सांगितलें पाहिजे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले तेव्हां ते कंपनी सरकारच्या दृष्टीनें बिनपरवाना घुसलेले परदेशी होते. त्यांस परत धाडण्याचे हुकूम होते. त्यांच्याच तांड्यांतील हॅरिएट न्यूअल ही १९ वर्षांची बाई कलकत्त्याहून घालविली गेली व १८१२ मध्यें मॉरिशस बेटांत वारली; तिचें तान्हें मूल त्यापूर्वींच गेलें होतें. हॉल व नॉट एकदां लपून कोचीनकडे निसटले आणि तेथून धरून आणिले गेले. लपून निघाले हें बरें केलें असें मी म्हणत नाहीं. पण त्यानंतर त्यांनीं गव्हर्नर सर इव्हान नेपियन ह्यांस पत्र लिहून त्यांच्या विवेकबुद्धीस हांक मारिली. इकडे इंग्लंडांतील ख्रिस्ती लोकांनीं पार्लमेंटाकडे शेंकडों अर्ज पाठविले आणि १८१३ च्या सनदेनें मिशनऱ्यांस वाट मिळाली. तेव्हां कायदे करणारांस अर्ज करणें हें ख्रिस्ती माणसाचें काम नव्हे, असें आपण तरी म्हणूं शकत नाहीं. अर्जानेंच आपल्याकडील दार उघडलें. अमेरिकेंतही हिंदी लोकांस १९४६ मध्यें वर्षाला १०० जणांची फट मिळाली व १९६५ मध्यें वंशावर ठरलेले वांटे रद्द झाले, तीं कायदे करणारांच्याच हातून. उपदेशकांचा भाचा तेथें गेला तो ह्याच वाटेनें.

मीं उपदेशकांस सांगितलें कीं, भाच्यानें अर्ज नीट वाचावा. सीमा राखा, दलालांस धरा, येणारांची चौकशी करा, आणि देशाला झेपेल इतकी संख्या ठरवा, येथपर्यंत सही करण्यास त्यास हरकत नसावी. परंतु अमुक देशांचे किंवा अमुक धर्माचे लोक नकोत असें कोठें असेल, तर तेथें थांबावें. आणि जीव वांचवून आलेल्याचें गाऱ्हाणें ऐकल्यावांचून परत धाडूं नये हें वाक्य अर्जांत नसेल, तर तें घालण्यास सांगावें.

दिवाळीच्या सुमारास त्याचें पत्र आलें. अर्जांत कांहीं देशांचीं नांवें होतीं. त्यानें तीं खोडून, खालीं आपल्या हातानें निर्वासितांविषयीं दोन ओळी लिहून, मग सही केली. एक वडील त्याच्यावर रागावले व त्यांनीं तो कागद फाडून टाकिला. पुढच्या रविवारीं त्याच वडिलांनीं नवा कागद आणिला. त्यांत देशांचीं नांवें नव्हतीं, पण त्या दोन ओळीही नव्हत्या. त्यावर सही करावी किंवा नाहीं, हें त्यानें पुन्हां मामांस विचारिलें आहे.