उशीर आणि अंतर

गॉगलची एकच काच डाव्या डोळ्यापुढे येईल असा तो धरा. उजवा डोळा मोकळा, पण उघडा. समोर दोऱ्याला बांधलेली एखादी किल्ली डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलू द्या. किल्ली एका रेषेत झुलते आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. दोरा तुम्हीच टांगलेला असतो. तरीही ती लंबगोल फिरताना दिसते. उजवीकडे जाताना मागे सरकते, परतताना अंगावर येते. काच उजव्या डोळ्यापुढे नेली की फेरा उलटा. माहीत असल्याचा काडीइतका उपयोग होत नाही.

या प्रकाराला कार्ल पुलफ्रिश यांचं नाव आहे. येना इथल्या झाइस कंपनीत ते दोन डोळ्यांनी खोली मोजायची उपकरणं बनवत. १९२२ मध्ये त्यांनी हा भास सविस्तर मांडला. स्वतः त्यांना मात्र तो कधीच दिसला नाही, कारण त्यांचा एक डोळा कित्येक वर्षांपूर्वीच अधू झाला होता. उलगड्याचं श्रेय त्यांनी फेर्ट्श या सहकाऱ्याला मोकळेपणाने दिलं.

उलगडा असा. कमी उजेड मिळालेला डोळा मंद चालतो. त्याची खबर मेंदूत काही मिलिसेकंद उशिरा पोचते. तेवढ्यात किल्ली थोडी पुढे गेलेली असते. मोकळा डोळा किल्ली आत्ता कुठे आहे ते सांगतो, काचेआडचा ती मघाशी कुठे होती ते. (खरं तर मोकळा डोळाही मघाचंच सांगतो, फक्त जरा कमी मघाचं.) दोन्ही जबाब जुळत नाहीत. बुबुळांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असल्यामुळे ते एरवीही तंतोतंत जुळत नाहीतच, आणि त्या तफावतीतूनच मेंदू खोली काढतो. हे व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपने दाखवलं होतं. इथे तफावत वेळेची आहे, पण मेंदू ती अंतराच्या खात्यावर टाकतो. उशीर झाला की दूर गेलं, किंवा जवळ आलं, एवढंच त्याला वाचता येतं.

ही चूक मला फार मोलाची वाटते, कारण बरोबर चाललेलं यंत्र आपलं काम कसं करतं ते कधी सांगत नाही. अंगावर येणाऱ्या वस्तूची दिशाही मेंदू अशाच तफावतीतून काढतो. चेंडू थेट नाकाच्या शेंड्याकडे येत असेल, तर डाव्या डोळ्याला तो उजवीकडे सरकताना दिसतो आणि उजव्याला डावीकडे. मेंदू त्यातून तिसरीच दिशा काढतो, जी कोणत्याच डोळ्याने एकट्याने पाहिलेली नसते. चेंडू एका डोळ्याच्या रोखाने आला, तर त्या डोळ्यात तो जागचा हलत नाही, नुसता फुगत जातो. सरकतो तो दुसऱ्या डोळ्यात.

हा हिशेब दोन रीतींनी करता येतो. आधी दोन्ही डोळ्यांतल्या जागा ताडून पाहायच्या आणि ती तफावत कशी बदलते त्यावर लक्ष ठेवायचं. किंवा प्रत्येक डोळ्यातला वेग आधी मोजायचा आणि मग दोन वेगांची तुलना करायची. संशोधकांनी ठिपक्यांची अशी चित्रं बनवली, की एकट्या डोळ्याला नुसती गिचमिड दिसावी, गती नाहीच. तरी पाहणाऱ्यांना वस्तू जवळ येताना दिसली. उलट, दोन डोळ्यांतले ठिपके एकमेकांशी जुळूच नयेत, फक्त वेग उरावा, अशीही चित्रं बनवली. तिथेही जवळ येणं दिसलंच. म्हणजे मेंदू दोन्ही रीती राबवतो. माकडांच्या मेंदूत एमटी नावाचा गती ओळखणारा भाग आहे. तिथल्या पेशींना वस्तूचं जवळ येणं आणि दूर जाणं वेगवेगळं कळतं, आणि त्यांचा भर मुख्यतः वेगांच्या तुलनेवर असतो, असं २०१४ मध्ये दिसून आलं.

मग एकाच डोळ्याने क्रिकेट खेळणाऱ्या मन्सूर अली खान पतौडी यांचं काय? जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले, पुढच्या मार्चमध्ये एकविसाव्या वर्षी कप्तान झाले, आणि १९६४ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा केल्या. आपण याला जिद्द म्हणून मोकळे होतो. जिद्द होतीच, पण वीस-बावीस यार्डांवरच्या चेंडूसाठी दोन डोळ्यांतली तफावत तशी क्षीणच असते, आणि त्याचा फुगत जाणारा आकार एका डोळ्यालाही वाचता येतो. त्यांची फजिती व्हायची ती हाताच्या अंतरावर. सिगारेट पेटवताना नेम चुके. जगमधलं पाणी ग्लासाऐवजी टेबलावर पडे. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

किल्लीचा खेळ काही जणांना मात्र काचेशिवाय भोगावा लागतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज येऊन गेली, की त्या डोळ्याची खबर कायमची उशिरा पोचू लागते. अशा माणसाला समोरून आडवी जाणारी वाहनं वळण घेऊन अंगावर आल्यासारखी दिसतात, आणि चाचणीत नजर ठीक असल्यामुळे तक्रार कोणाला चटकन पटत नाही. उपाय साधा आहे. चष्म्यात चांगल्या डोळ्यापुढे गडद काच बसवतात. मग तोही तेवढाच उशीर करतो, आणि वाहनं सरळ जाऊ लागतात.