जिज्ञासा आणि इमान

“चांगले, वैचारिक काही वाचायला सांगा,” असे तरुण मुले विचारतात, तेव्हा आम्ही दोन जुनी पुस्तके पुढे करतो.

पहिले अल्-बेरुनीचे ‘किताब-उल-हिंद’, इ.स. १०३० च्या सुमारास लिहिलेले. तो काळ महमूद गझनवीच्या स्वाऱ्यांचा. गझनीच्याच दरबारचा हा विद्वान मात्र संस्कृत शिकला. पतंजलीचे योगसूत्र त्याने अरबीत नेले. हिंदूंचे म्हणणे खोडून काढण्यासाठी नव्हे, जसे आहे तसे सांगण्यासाठी लिहितो, असे त्याने आरंभीच बजावले. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या मुलखाची भरभराट धुळीला मिळवली, हेही त्याने लपवले नाही.

दुसरे इब्न खल्दूनचे ‘मुकद्दिमा’, १३७७ चे. माणूस आपल्या पक्षाला सोयीची खबर न पारखताच खरी मानतो, असा इशारा त्यात आहे. हजरत मूसांच्या सैन्याचा, मसूदीसारख्या नामवंत इतिहासकाराने दिलेला सहा लाखांचा आकडा त्याने हिशेब मांडून नाकारला.

ही दोन्ही नावे आपण भाषणांत अभिमानाने घेतो. पुस्तके मात्र उघडत नाही. शेजारच्या मोहल्ल्याविषयी कानावर आलेली गोष्ट आपण लगेच खरी मानतो. आपल्याच माणसाने पसरवलेली असेल, तर तिची शहानिशा करणे आपल्याला बेइमानी वाटते. या दोघांनी नेमके तेच इमान मानले होते. मुलांना पुस्तके सुचवताना म्हणूनच आम्ही थोडे ओशाळतो. त्यांनी ती खरोखर वाचली, तर पहिला प्रश्न ती आम्हालाच विचारतील.

विचारू द्यावा.