खरी नोंद

गेल्या वर्षी नव्या पोस्टडॉकसाठी शहर बदलताना माझा अपार्टमेंटचा अर्ज नाकारला गेला. कारण, क्रेडिट रिपोर्ट. तो मागवून पाहिला तर त्यात दोन वाईट नोंदी होत्या. पहिली, ज्या राज्यात मी कधी राहिलेच नाही तिथल्या थकलेल्या वीजबिलाची. माझ्यासारखंच नाव-आडनाव असलेल्या कुणाची तरी उधारी माझ्या खात्यावर येऊन बसली होती. दुसरी नोंद मात्र माझीच होती. बाबा आयसीयूत असताना मी दोन महिने पुण्यात होते. ऑटोपे लावलेला नव्हता आणि क्रेडिट कार्डाची लागोपाठ दोन बिलं भरायची राहिली.

ओळखीतल्या एकाने 'क्रेडिट रिपेअर' करणाऱ्या कंपनीचा नंबर दिला. फोनवरचा माणूस गोड बोलला. महिन्याला नव्व्याण्णव डॉलर, दोन्ही नोंदी डिस्प्युट करू, म्हणाला. "पण दुसरी खरी आहे," मी म्हटलं. "ते सिद्ध करणं त्यांचं काम. तीस दिवसांत केलं नाही, तर नोंद उडते."

तो जे बोलत होता त्याला कायद्याचा आधार आहे. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार तुम्ही नोंदीवर हरकत घेतलीत की क्रेडिट ब्युरोला साधारण तीस दिवसांत चौकशी करावी लागते, आणि पडताळणी झाली नाही तर नोंद काढावी लागते. पण हरकत घेणं फुकट असतं, हे त्याने सांगितलं नाही. १९९६ च्या कायद्याने अशा कंपन्यांना काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायला मनाई आहे. लेखी करार करावा लागतो आणि तो तीन दिवसांत मोडण्याचा हक्क तुम्हाला असतो, हेही नाही. या धंद्यातल्या बड्या कंपन्यांवर आगाऊ पैसे घेतल्याबद्दल सीएफपीबी या सरकारी संस्थेने केलेला खटला २०२३ मध्ये २७० कोटी डॉलरच्या निवाड्याने संपला.

म्हणजे व्यवहाराचं उत्तर सोपं होतं. नैतिक प्रश्न मात्र सुटेना. पैशांचं सोडा, खऱ्या नोंदीवर हरकत घ्यायची की नाही?

घ्यावी, या बाजूनेही बरंच म्हणता येतं. ब्युरो म्हणजे काही माझा शेजारी नव्हे. माझी माहिती ते मला न विचारता गोळा करतात आणि विकतात. तीनशे ते साडेआठशेमधल्या त्या आकड्याला आयसीयू कळत नाही. शिवाय समोरचा पुरावा देऊ शकला नाही, तर त्यात माझा काय दोष?

गंमत अशी की माझा पीएचडीचा विषयच एकोणिसाव्या शतकातलं दख्खनमधलं कर्ज हा आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्याकडच्या कापसाला भाव आला, युद्ध संपल्यावर तो कोसळला, त्यात शेतसारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. मी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने कित्येक पानं लिहिली आहेत. मग माझ्या वहीतलं एक पान जाळायला मी का कचरावं?

उत्तर मला त्याच इतिहासात मिळालं. ज्या कागदावर आपण अंगठा उठवतो त्यात काय लिहिलंय, हे त्या माणसांना वाचता येत नव्हतं. वही सावकाराची आणि कोर्टही त्या वहीवरच विश्वास ठेवणारं. या दंगलींनंतर १८७९ मध्ये जो कायदा आला, त्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावलं आणि शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. हिशेब खरा हवा, हे म्हणण्याचा तो हक्क होता. माझी वही तर मला दर आठवड्याला फुकट वाचता येते.

हरकतीचा हक्क त्याच जातीचा आहे. हरकतीच्या पत्रात लिहिलेलं असतं, 'ही नोंद चुकीची आहे', आणि खाली नाव माझं असतं. कंपनी फक्त टपाल टाकते, खोटं मीच बोलते. आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं. निरर्थक वाटणाऱ्या हरकती चौकशी न करता बाजूला ठेवायची मुभा कायद्याने ब्युरोंना दिली आहे. खोट्या पत्रांचा ढीग जितका वाढेल, तितका खरोखर दुसऱ्याचं वीजबिल अंगावर आलेल्या माणसावर संशय वाढेल. त्या ढिगात माझंही एक खरं पत्र असणार होतं.

पण म्हणून अशी सेवा घेणाऱ्या प्रत्येकाला मी नावं ठेवणार नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्याने, इंग्रजी पत्राची धास्ती असणाऱ्याने, खऱ्या चुकीसाठी कुणाला पैसे देऊन पत्र लिहून घेतलं तर त्यात गैर काय? पूर्वी पोस्टाबाहेर बसणाऱ्याकडून आपण अर्ज लिहून घेतच होतो. मात्र तो अर्ज लिहिणारा आपल्याला खोटं बोलायला सांगत नसे.

शेवटी मी दोन पत्रं लिहिली. पहिलं ब्युरोला, ओळखपत्र आणि जुन्या पत्त्यांचे पुरावे जोडून. वीजबिल महिन्याच्या आत निघालं. दुसरं बँकेला. त्यात हरकत नव्हती, विनंती होती: चूक माझी, परिस्थिती अशी होती, शक्य असेल तर माफ करा. बँकेने नम्रपणे नकार दिला. ती नोंद आता उशीर झाला तेव्हापासून सात वर्षं राहील. मी जास्त डिपॉझिट भरून दुसरीकडे घर घेतलं. महागच पडलं.

आपल्या भाषेत पत हा शब्द बाजारातही चालतो आणि घरातही. तुमच्यावर अशी वेळ आली तर कुणालाही फोन करण्याआधी रिपोर्ट छापून घ्या आणि पेन्सिलीने प्रत्येक ओळीसमोर लिहा: माझी, माझी नाही. 'माझी नाही'साठी भांडा, अगदी शेवटपर्यंत. 'माझी'साठी फार तर माफी मागा. मिळेलच असं नाही.