वडीवरचा शब्द

२०२३ सालचा श्रावण संपत आला होता. शाळा सुटून मी घरी येऊन पडते न पडते तोच आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या अध्यक्षबाई दाराशी आल्या. पदराखाली कागदात गुंडाळलेल्या सहा वड्या होत्या. केस धुण्याच्या वड्या. खोबरेल, एरंडेल आणि थोडे तिळाचे तेल. आत माका, जास्वंद आणि शिकेकाईची पूड. गटातल्या अकरा बायकांनी त्या घरच्या घरी केल्या होत्या आणि दिवाळीच्या बाजारात मांडायच्या होत्या.

"बाई, तुम्ही पुस्तकं लिहिता," त्या म्हणाल्या. "वरच्या कागदावर काय छापायचं तेवढं लिहून द्या."

मी बालवाडीची शिक्षिका. शिक्षण दहावीचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. नावावर तीन कादंबऱ्या आहेत आणि त्यांतल्या दोन वाचनालयाच्या कपाटातून फारशा बाहेर पडत नाहीत. अशा लेखिकेकडे कोणी आपण होऊन शब्द मागायला आले, तर ती नाही कशी म्हणणार? पाच मिनिटांत मी लिहून दिले : 'शुद्ध. नैसर्गिक. रसायनविरहित. केसांशी आईसारखी सौम्य.' शेवटच्या ओळीवर मी स्वतःच खूष झाले. गटाने पाचशे कागद छापून आणले.

त्या चार शब्दांतला तिसरा शब्द खोटा आहे हे मला लिहितानाच ठाऊक होते. वड्या घालताना मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिले होते. पाण्यात कास्टिक सोडा सोडला की भांडे बाहेरून हात लावू देत नाही इतके तापते, आणि बायका नाकाला पदर लावून, हातात रबरी मोजे घालून ते पाणी तेलात ओततात. त्याशिवाय तेलाचा साबण होतच नाही. मग चार ते सहा आठवडे वड्या फळीवर वाळतात. हिशेब नीट असेल तर कास्टिक सगळे तेलाशी जुळून जाते, वडीत उरत नाही. मी मनाशी हीच पळवाट काढली होती : जे उरत नाही त्याचे नाव कशाला घ्यायचे? शिवाय रसायन नाही असे या जगात आहे तरी काय? माक्याच्या पानातही रसायनच आहे. पण मग तो शब्द मी लिहिला कशासाठी? तो वाचून गिऱ्हाईक निर्धास्त होते, यासाठी.

आमच्या घरी सासूबाई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. केस विरळ, पण कमरेपर्यंत. इतकी वर्षे त्या एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीने केस धूत. ती पुडी मी बंद केली आणि वडी त्यांच्या हातात दिली. त्यात त्यांच्या केसांची काळजी किती आणि आपल्या घरातून प्लॅस्टिक हद्दपार केल्याचा माझा अभिमान किती, याचे वजन मी तेव्हा केले नाही. त्या दिवाळीला नरक चतुर्दशीच्या पहाटे शिकेकाईच्या जागीसुद्धा वडीच आली.

त्याच सुमारास चार वड्या मी राजापूर तालुक्यातल्या माहेरी धाडल्या होत्या. आईचा फोन आला, "केस रेशमासारखे झालेत गं." ते ऐकल्यावर तर माझी खात्रीच पटली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सासूबाईंचा खांदा धरला म्हणून मी त्यांची वेणी घालायला बसले. कित्येक महिन्यांत त्यांच्या डोक्याला माझा हात लागला नव्हता. केसांना मेणचट, राखी रंगाचा थर बसला होता. फणीला तो चिकटत होता. मानेपाशी केसांच्या जटा झाल्या होत्या आणि कानामागे खाजवून खाजवून कातडी लाल झाली होती. दोन जटा मला कात्रीने कापाव्या लागल्या.

"आई, सांगितलं का नाहीत?"

"तू एवढ्या हौशीनं आणलीस. आणि वर लिहिलंय ना, सौम्य म्हणून. म्हटलं, माझंच डोकं म्हातारं झालं असेल."

या वाक्याने माझी त्या रात्रीची झोप गेली. त्रास वडीने दिला होता आणि दोष त्या स्वतःच्या डोक्याला देत होत्या. का? तर कागदावर मी एक शब्द छापून ठेवला होता आणि त्या शब्दावर त्यांचा स्वतःच्या खाजेपेक्षा जास्त विश्वास होता.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंकडे मी वडी घेऊन गेले. त्यांनी प्रयोगशाळेतल्या सामू मोजण्याच्या पट्ट्या काढल्या. वडीच्या फेसात बुडवलेली पट्टी निळीकडे झुकली. सामू नऊच्या वर. माणसाच्या टाळूचा असतो साडेपाचाच्या आसपास. केसावर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले असतात, त्या सांगू लागल्या. अल्कलीत ते उचलले जातात आणि मग केस केसात अडकतो. कोणताही खरा साबण असाच असायचा, त्यात बचत गटाचा काही दोष नाही. मग त्यांनी आपल्या घरची, दुकानातून आणलेली वडी तपासली. तिच्या वेष्टनावर 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' असे जीभ अडखळवणारे नाव होते. तिची पट्टी पिवळट राहिली, टाळूच्या सामूच्या जवळ. मूळ तिचेही खोबरेल तेलच. पण कारखान्यात घडवलेली ती साबण नसलेली वडी. शिकेकाईच्या काढ्याची पट्टीही पिवळट आली. म्हणजे जिला मी निसर्गाची म्हणून मिरवत होते तीच तिघींत कडक निघाली, आणि जिला रासायनिक म्हणून नाक मुरडले असते ती शिकेकाईच्या पंक्तीला जाऊन बसली.

मग आईचे केस रेशमासारखे कसे झाले? त्याचे उत्तर पाण्यात होते. कोकणातल्या जांभ्यातून येणारे पाणी मृदू. इथे सोलापूर जिल्ह्यात आमच्या बोअरचे पाणी इतके जड की बादलीला पांढरे पापुद्रे धरतात. पाण्यातला चुना साबणाला धरतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तोच सासूबाईंच्या केसांवर बसला होता.

एवढ्यावरून कोणी 'जुने तेच सौम्य' असे म्हणू लागेल, तर तेही मला मान्य नाही. लहानपणी आजी रविवारी चुलीवर शिकेकाई आणि रिठे उकळी. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की आम्ही भावंडे वाडी दणाणून सोडत असू, आणि आजी एका हाताने मान दाबून धरून दुसऱ्या हाताने खसाखसा चोळीत असे. त्या न्हाणीत निसर्ग भरपूर होता. सौम्यपणा कोणी पाहिला नाही. 'शाम्पू' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला, हे अनेकांच्या ध्यानात नसते. चेपणे, दाबणे या अर्थाच्या हिंदी 'चाँपो'वरून तो आला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदाने पुढे इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढून तिथल्या लोकांना, राजघराण्यापर्यंत, हे चेपणे शिकवले. तेव्हा त्या शब्दात बाटली नव्हती, वडीही नव्हती. होता तो हात.

आणि हाताचे असे असते की तो समोरच्याच्या 'आई गं'वर सैल होतो. छापलेल्या शब्दाला कान नसतात. मला सतावणारा प्रश्न असा : हेतू मायेचा असला म्हणजे कृती मायेची होते का? मी आधी बेधडक हो म्हटले असते. आता वाटते, सौम्य हा शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्याच्या डोक्यावर वडी फिरते त्याचा, देणाऱ्याचा नव्हे. पण इथेही मी अडते. सासूबाईंना तो अधिकार होता, तरी त्यांनी तो वापरला नाही. भिडेपोटी वापरला नाही, आणि ती भीड माझ्या मायेनेच घातली होती. मायेने दिलेल्या वस्तूबद्दल तक्रार करणे आपल्या घरांतून किती कठीण असते! त्यापेक्षा विकत घेतलेल्या पुडीचे बरे. ती बोचली तर माणूस दुकानदाराला चार शब्द सुनावून मोकळा होतो.

मी गटाकडे गेले. अध्यक्षबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाई, वाईट मानू नका. तुमच्या कादंबरीच्या कव्हरावर 'काळजाला हात घालणारी' असं छापलंय. कुणाच्या काळजाला घातला, हे विचारायला आम्ही आलो का?" बायका हसल्या. मीही हसले, पण मला उत्तर सुचले नाही. त्या वड्यांच्या पैशांत अकरा घरांची दिवाळी झाली होती. त्यांतल्या एकीने मुलीची परीक्षा फी भरली होती. माझ्या एका शब्दाने विक्री वाढली असेल तर दुसऱ्याने ती बसणार, हे मला कळत होते. आणि खरे बोलण्याचा खर्च माझ्या घरातून जाणार नव्हता.

तरी बोलणे झाले. जुने कागद काढून टाकायचे आणि नव्या छपाईचे पैसे मी द्यायचे असे ठरले. 'रसायनविरहित' गेले, 'आईसारखी सौम्य' गेले. नवा मजकूर असा : 'तेलांपासून केलेला केसांचा साबण. जड पाणी असेल तर शेवटी लिंबू पिळलेल्या पाण्याने केस खळबळून घ्यावेत. डोके खाजल्यास वापरू नये.' एक तरुण बाई म्हणाली, हे तर औषधाच्या बाटलीवरचे वाटते. मेळ्यात वड्या पूर्वीपेक्षा कमी गेल्या, पण काही गिऱ्हाइके परत आली.

२०२४च्या दिवाळीला मी शिकेकाई उकळली आणि सासूबाईंना पाटावर बसवले. मी चोळू लागले तशा त्या म्हणाल्या, "हळू गं, दुखतंय." बावीस वर्षांच्या संसारात असे त्या मला पहिल्यांदाच म्हणाल्या.

'कास्टिक' हा शब्द मात्र कागदावर अजून आलेला नाही. मी दोनदा विषय काढला. अध्यक्षबाई म्हणतात, पुढच्या छपाईला बघू. अजून दीडशे कागद शिल्लक आहेत.